काढण्याची वाट पहिल्याच भेटीत सांगा

स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया होऊन पंधरा दिवस किंवा महिना झालेला असतो. टाके सुकत आलेले असतात. तपासणीला आलेली बाई म्हणते, "डॉक्टर, हे काढून टाका." गिरगावपासून दादर-परळपर्यंत प्रॅक्टिस करणाऱ्या प्लास्टिक सर्जनांना ही मागणी नवी नाही. फॅमिली डॉक्टरांकडे तर ती पुष्कळदा सर्जनच्याही आधी पोचते, कारण ज्याने ऑपरेशन केले त्याच्यासमोर हे बोलायला बाई कचरते. तिला आपल्याकडून मिळणारी उत्तरे दोनच. एक, "थांबा, सगळे जागेवर बसेल." दुसरे उघड बोलले जात नाही, पण चेहऱ्यावर वाचता येते: "हौसेने केलेत, आता काय?" पहिल्या उत्तरात निदान थोडे तरी शास्त्र आहे. दुसऱ्यात तेही नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. इम्प्लांट काढणे हा मूळ शस्त्रक्रियेचाच भाग मानायला हवा. ते कधी काढावे लागते, काढल्यावर काय उरते, खर्च कोणाचा, हे सारे पहिल्याच भेटीत सांगायला हवे. आणि बाईने मागणी केली की त्याच दिवशी तिला तपासून, तिचे ऐकून, स्पष्ट उत्तर द्यायला हवे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अभिनेत्री शर्लिन चोप्रा यांनी आपले इम्प्लांट काढून घेतल्याचे स्वतःच जाहीर केले आणि पाठ, मान, खांद्यांचे दुखणे हे त्याचे कारण सांगितले. अशा बातमीतून सामान्य बाईला एवढे कळते की हे काढता येते. केव्हा काढावे आणि केव्हा थांबावे हे तिला आपणच सांगायचे आहे.

"काढा" या मागणीमागे तीन वेगळ्या अवस्था असतात आणि त्या वेगळ्या ओळखणे हे पहिले काम आहे.

पहिली अवस्था तातडीची. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच बाजूचा स्तन झपाट्याने फुगला, दगडासारखा ताठरला, दुखणे गोळीला दाद देईना, तर आत रक्त साठले आहे असे धरून चालावे आणि तिला थिएटरमध्ये न्यावे. पहिल्या काही आठवड्यांत लाली, ऊब, ताप, जखमेतून पाणी किंवा पू आला तर संसर्ग. इम्प्लांट उघडे पडले असेल तर ते काढणेच बहुधा शहाणपणाचे. आणखी एक गोष्ट फॅमिली डॉक्टरांनी मनाशी पक्की बांधावी. ताप, अंगभर लाल पुरळ आणि उतरलेला रक्तदाब एकत्र दिसला आणि जखम मात्र साधी दिसत असली, तरी तो स्टॅफिलोकॉकसमुळे होणारा टॉक्सिक शॉक असू शकतो. तो दुर्मीळ आहे, पण तिथे तासांचा हिशेब असतो. आणि स्तनात पाणी झाले आहे म्हणून क्लिनिकमध्ये अंदाजाने सुई घालू नये. इम्प्लांटला भोक पडते. पाणी काढायचे तर सोनोग्राफीच्या नजरेखालीच.

संसर्गाबद्दल परळच्या पट्ट्यातल्या डॉक्टरांना थोडे अधिक सांगायला हवे. क्षयरोग आपल्या रोजच्या ओळखीचा. शिवडीचे टीबी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. त्यामुळे जखम महिनाभर वाहत राहिली, साध्या अँटिबायोटिकला जुमानली नाही, की हात आपोआप एकेटीकडे, म्हणजे क्षयरोगाच्या औषधांकडे, वळतो. पण इम्प्लांटभोवतीच्या अशा रेंगाळणाऱ्या जखमेत मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, अब्सेसस, चेलोनी हे झपाट्याने वाढणारे अ-क्षय जंतू सापडू शकतात. त्यांचा उगम अनेकदा पाण्यात असतो आणि ते नेहमीच्या एकेटीला दाद देत नाहीत. लॅबला नमुना पाठवताना नुसते "पस कल्चर" लिहिले तर ते निसटतात. एएफबी स्मियर, मायकोबॅक्टेरियाचे कल्चर, जंतूची जात आणि औषधांची संवेदनशीलता हे चिठ्ठीवर शब्दांत मागावे लागते. हे न करता बाईला तीन वेळा अँटिबायोटिक बदलून दिले आणि मग सहा महिन्यांची एकेटी सुरू केली, तर तिच्या शरीरावर दुसरा अन्याय होतो. अशा संसर्गात इम्प्लांट काढावेच लागते, औषधे महिनोन्‌महिने चालतात, आणि नवीन इम्प्लांटचा विचार सगळे पूर्ण शांत झाल्यावर, काही महिन्यांनीच करायचा.

दुसरी अवस्था सुरुवातीच्या धक्क्याची. पहिल्या काही आठवड्यांत इम्प्लांट वर चढलेले दिसते, छातीच्या स्नायूखाली ठेवले असेल तर स्नायू आखडतो, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत, कातडी ताणलेली आणि बधिर असते. आरशात दिसते ते आपले वाटत नाही. झोप मोडलेली, पोटात वेदनाशामक गोळ्या, घरात कोणाला नीट सांगितलेले नाही. अशा दिवसांत मन खचणे स्वाभाविक आहे. इम्प्लांट खाली उतरून आकार बसायला साधारण तीन महिने लागतात, काहींना सहा. हे बाईला ऑपरेशनच्या आधी सांगितले असेल तर तो धीर ठरतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सांगितले तर ती सबब वाटते.

या अवस्थेत आपल्या भागातले घर डोळ्यांपुढे आणावे. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी बाई ड्रेनची नळी आणि बाटली लपवणार कुठे? पहाटे पाणी आले की हंडे-बादल्या कोण भरणार? माळ्यावरचा डबा, वरच्या दोरीवर वाळत घातलेली चादर, दादरला गर्दीत चढताना वर पकडायचा लोकलचा हँडल: हे सगळे हात खांद्याच्या वर नेणारे काम. सहा आठवडे वजन उचलू नका, हे वाक्य छापील पत्रकात असते. त्याचा अर्थ "पाणी दुसऱ्याने भरायचे, लोकलला शेवटच्या मिनिटाला लोंबकळत चढायचे नाही" असा आहे हे कोणी सांगत नाही. ते सांगितले तर काही बायका ऑपरेशनची तारीखच बदलतील, काही ऑपरेशनच नको म्हणतील, आणि दोन्ही निर्णय चांगलेच असतील. काढण्याची मागणी रोखण्याचा याहून प्रामाणिक उपाय नाही.

तिसरी अवस्था ठाम नकाराची. तपासणीत काही वावगे नाही, वाट पाहण्याचे कारण समजावून झाले आहे, तरीही बाई म्हणते, "मला हे नको." तिथे सर्जनने वाद घालू नये. निर्णय दबावाखाली होत नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्या एकटीशी बोलावे. नवरा, सासू किंवा मैत्रीण बाहेर बसू दे. मूळ ऑपरेशन कोणाच्या आग्रहाने झाले होते, हे पुष्कळदा इथेच पहिल्यांदा कळते. आपल्या शरीराच्या एखाद्या भागाबद्दल सतत, दिवसभर पोखरणारी खंत दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी, कारण तशा आजारात काढण्यानेही समाधान होत नाही. पण मानसोपचाराची चिठ्ठी ही टाळाटाळीची वाट होता कामा नये.

लवकर काढण्याचे शास्त्र बाईच्या बाजूचे आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे. इम्प्लांटभोवती शरीर जी खोळ तयार करते ती पहिल्या आठवड्यांत अगदी पातळ असते. कातडी फार काळ ताणलेली नसते, म्हणून ती बऱ्यापैकी आवळून येते. मूळ आकार जसाच्या तसा परत येईल असे वचन मात्र कोणी देऊ नये. व्रण राहतो, थोडी सैलता राहू शकते, शेवटचे रूप दिसायला काही महिने जातात. सगळी खोळ एका पिशवीसारखी सोलून काढण्याचा आग्रह हल्ली बायका धरतात, कारण इंटरनेटवर तेच "शुद्ध" मानले जाते. पण बरगड्यांवर चिकटलेली खोळ सोलताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. इम्प्लांटमुळे थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा आला असे सांगणाऱ्या बायकांवर अमेरिकेत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५० जणींची पाहणी होती; त्यांपैकी अशी लक्षणे सांगणाऱ्या ५० जणी होत्या. खोळ पूर्ण काढली की अर्धवट काढली, यावर त्यांच्या लक्षणांतील सुधारणा अवलंबून नव्हती. अशा तक्रारीसाठी एकही नेमकी तपासणी आज उपलब्ध नाही. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मन तपासावे, आणि तरीही बाईला काढायचे असेल तर तिचा निर्णय मानावा.

काही जणी कर्करोगाच्या भीतीने येतात. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित लिम्फोमा हा खरा आजार आहे. त्यामुळेच जुलै २०१९ मध्ये अलर्गन कंपनीने आपले बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत बोलावले. पण तो सहसा अनेक वर्षांनी, स्तनात उशिरा साठलेल्या पाण्याच्या रूपाने दिसतो, आणि लक्षणे नसलेल्या बाईने सरसकट काढून घ्यावे असे अमेरिकेच्या एफडीएनेही सांगितलेले नाही. महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला आधी एकच प्रश्न विचारावा: तुमचे इम्प्लांट गुळगुळीत आहे की खडबडीत?

या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते, आणि इथे आपल्या व्यवसायाची खरी उणीव उघडी पडते. इम्प्लांटच्या खोक्यातून कंपनीचे नाव, आकार, लॉट आणि अनुक्रमांक छापलेले चिकटपट्टीचे स्टिकर निघतात. एक रुग्णालयाच्या फाइलला, एक सर्जनच्या वहीला लागतो. बाईच्या हातात कार्ड द्यायचे राहून जाते. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले. २०११ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारने सुमारे ३० हजार बायकांना इम्प्लांट काढून घेण्याचा सल्ला दिला. आपल्या शरीरात कोणाचा माल आहे हे सांगणारा कागद अशा वेळी किती मोलाचा ठरतो, हे त्या बायकांना विचारावे. काढलेल्या इम्प्लांटचेही तसेच. फोटो काढावा, लॉट क्रमांक नोंदवावा, संसर्गाचा संशय असेल तर नमुने पाठवावेत, आणि घटना वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवावी. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून हा कार्यक्रम जुलै २०१५ पासून चालतो. आपण कळवलेच नाही, तर भारतातल्या बायकांचा अनुभव कुठल्याच आकड्यात येणार नाही.

संमतीबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले की रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, आणि सज्ञान रुग्णाच्या जागी नातेवाईकाची सही चालत नाही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत घाई कधीच नसते. फ्रान्समध्ये अंदाजपत्रक दिल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किमान १५ दिवसांचे अंतर कायद्यानेच ठेवावे लागते. एफडीएने २०२१ मध्ये इम्प्लांटसाठी डॉक्टर-रुग्ण दोघांच्या सह्यांची तपासणी-यादी बंधनकारक केली. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही हे त्या यादीतच लिहिलेले आहे. अलर्गनच्या दहा वर्षांच्या पाहणीत स्तनवर्धन केलेल्या बायकांपैकी सुमारे ३६ टक्के जणींवर पुन्हा काही ना काही शस्त्रक्रिया करावी लागली. हा आकडा मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक संमतिपत्रावर असायला हवा.

पैशाचेही बोलले पाहिजे, कारण बायका त्यापायी दुखणे सोसत राहतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यशस्त्रक्रियेला विमा नाही. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठीचे उपचार यांना त्यातून सूट आहे. संसर्ग झालेले इम्प्लांट काढताना डिस्चार्ज समरीत "इम्प्लांट काढले" एवढेच लिहिले तर दावा तिथेच मरतो. ताप, पू, कल्चरचा निकाल, धोका: सगळे नीट लिहावे. दावा मंजूर होईलच असे नाही, पण तो उभा तरी राहील.

परळला टाटा मेमोरिअल हे कर्करोग रुग्णालय १९४१ पासून आहे. स्तन गमावलेल्या बाईला तो परत देताना हेच इम्प्लांट वापरले जाते, आणि तिथे ते काढावे लागले तर कोणी तिला हौसेचा टोमणा मारत नाही. डॉ. नोशीर अंटिया यांनी जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी रुजवली ती कुष्ठरुग्णांचे हात-चेहरे उभे करत. आपल्या शाखेचा पाया दुसऱ्याच्या देहाबद्दलच्या आदरावर आहे. वर्धनासाठी आलेल्या बाईला तो आदर कमी मिळावा असे काहीही घडलेले नाही.

म्हणून या महिन्यापासून एवढे करू या. पहिल्या भेटीत काढण्याबद्दल पाच मिनिटे बोलू. संमती आणि शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवडे ठेवू. पहिल्या वर्षात काढावे लागले तर सर्जनची फी किती, हे आधीच लेखी देऊ. प्रत्येकीच्या हातात इम्प्लांटचे कार्ड देऊ आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर त्यावर लिहू. फॅमिली डॉक्टरांनी सर्जनला त्याच दिवशी फोन करावा, आणि सर्जनने तो घ्यावा. यासाठी नवे यंत्र किंवा नवा कायदा लागत नाही. "काढा" म्हणणाऱ्या बाईला आपली रुग्ण मानले की बाकीचे आपोआप सुचते.