घरांतील यंत्रें : दोष डिस्कचा कीं दाराचा?

एखादें काम रखडलें म्हणजे जें समोर दिसतें त्याला बोल लावावयाचा, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. पाणी कमी आलें कीं विहिरीला नांवें ठेवावयाचीं, मोट फाटली आहे हें मात्र पाहावयाचें नाहीं! गेल्या महिन्यांत आमच्याच घरीं असा प्रकार घडला. तो वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

आमच्या कुलवृत्तांताचें काम बरेच दिवस चाललें आहे. जुन्या छायाचित्रांच्या प्रती एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठविल्या आहेत. आणि माणसांच्या नोंदी ज्या जुन्या प्रोग्रॅमांत होतात, तो विंडोज ७ वांचून चालत नाहीं. म्हणून आमच्या पुतण्यानें घरच्या नव्या संगणकाच्या पोटांत, व्हर्च्युअलबॉक्सच्या साह्यानें, दुसरें एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मानीव संगणक, उभें केलें व डिस्क त्याला जोडून दिली.

चित्रांतील माणसें ओळखणारे आतां घरांत एकटे काका उरले आहेत. त्यांचें वय ८८. दिवेलागणीनंतर तासभर त्यांना हुशारी असते. पुढें ते थकतात. प्रत्येक चित्र सुमारें ६० मेगाबाइटचें. तें उघडावयास मिनिटभर लागे. तेवढ्यांत काकांचें मन दुसरीकडे जाई, आणि "आपण काय पाहत होतों रे?" असें ते आम्हांसच विचारीत. बैठकींत दहाबारा चित्रेंहि पुरीं होत नसत. शेवटीं डिस्क निकामी झाली, नवी आणावी, असें घरांत ठरलें.

परंतु तीच डिस्क मूळ संगणकावर पाहिली तों चित्रें क्षणांत उघडलीं! मग दोष डिस्कचा कसा? शोध घेतां असें आढळलें कीं, व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगांत यूएसबीचें दार १९९८ सालच्या १.१ या पद्धतीचें राहिलें होतें. त्यांतून सेकंदाला फार तर १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट माहिती जाते. प्रत्यक्षांत एकच धरावी. २००० सालच्या २.० पद्धतीची मर्यादा ४८० मेगाबिट, व २००८ सालच्या ३.० ची ५ गिगाबिट आहे.

उपाय सोपा आहे. व्हर्च्युअल मशीन नुसतें स्थगित न ठेवितां पूर्ण बंद करावें, आणि सेटिंगांतील यूएसबीच्या सदरांत ३.० निवडावें. विंडोज ८ पासून पुढील आवृत्त्यांना ही पद्धति उपजतच कळते. विंडोज ७ ला मात्र तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. म्हणून आम्हीं २.० वरच समाधान मानिलें. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधींचें असल्यास या दोन्ही पद्धतींसाठीं त्याचा एक्स्टेन्शन पॅक बसवावा लागतो. दुसरा मार्ग असा कीं, डिस्क मूळ संगणकाकडेच ठेवावी, आणि गेस्ट ॲडिशन्स बसवून तिच्यावरील फोल्डर तेवढा व्हर्च्युअल मशीनला वापरूं द्यावा.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. व्हर्च्युअल मशीनला दिलेली डिस्क त्या वेळीं मूळ संगणकाला दिसत नाहीं. तेव्हां आधीं तिला रीतसर निरोप द्यावा, मगच केबल काढावी. घाईनें ओढल्यास फाइली बिघडण्याची भीति असते. शिवाय विंडोज ७ ची सर्वसाधारण देखभाल जानेवारी २०२० मध्यें थांबली असल्यानें त्या मशीनला इंटरनेट जोडूं नये.

आतां चित्र दोन-तीन सेकंदांत समोर येतें. परवां एका जुन्या चित्राच्या कडेला उभी असलेली परकरांतील मुलगी काकांनीं चटकन् ओळखली. ती त्यांची धाकटी बहीण. सातव्या वर्षीं वारली. वंशावळींत तिचें नांवच नव्हतें. त्याच संध्याकाळीं आम्हीं तें लिहून घेतलें. नव्या डिस्कचे पैसे वांचले खरे. पण काकांचा तो तास वांचला, हाच आम्हांस मोठा लाभ वाटतो.