काळी पडलेली नाणी घासू नका

धनत्रयोदशीला आठवडा उरला की किनवटच्या बाजारातल्या माझ्या सराफी दुकानाची पायरी भरून जाते. नवं घ्यायला येणारे थोडे, जुनं उजळून न्यायला येणारे जास्त. वाळे, तोडे, करदोडे, देव्हाऱ्यातले रुपये, तांड्यावरच्या बायकांच्या गळ्यातले रुपयांचे हार. रिठ्याच्या पाण्याचं पातेलं सकाळी शेगडीवर चढतं ते रात्रीच उतरतं. दागिना मी आनंदाने उजळून देतो. जुनं नाणं मात्र तसंच परत करतो. गेल्या दिवाळीत एक म्हातारी रागावली. म्हणाली, "भाऊ, लक्ष्मी काळीच ठेवायची का पूजेला?" गर्दीत तिला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

चांदीवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाचा अंश चांदीशी मिळतो आणि तिच्या अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हे आमच्या तालुक्याला वेगळं शिकवायला नको. उनकेश्वरच्या गरम झऱ्यावर आंघोळ करून आलेल्या बायका काळवंडलेली जोडवी घेऊन थेट माझ्याकडे येतात. नाण्यावर हेच सावकाश, वर्षानुवर्षं घडतं. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग निळसर आणि शेवटी काळा रंग येतो. हा थर बाहेरून लागलेला नसतो, नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला असतो. तो खरवडला की नाण्याचं अंगच निघतं. सगळ्यात आधी जातात अक्षरांच्या कडा आणि केसांच्या रेघा, म्हणजे ज्यांवरून नाणं ओळखायचं त्याच खुणा.

हे मला एक नाणं गमावून कळलं. विशीत असताना दुकानात एक लहानसं नाणं आलं होतं. सव्वादोन ग्रॅमचं, काळंकुट्ट, त्यावर माणसाचा चेहरा आणि भोवती मला न वाचता येणारी अक्षरं. गिऱ्हाइकाला ते देवापुढे ठेवायचं होतं. मी ते पाणी घातलेल्या तेजाबात बुडवलं आणि पितळी ब्रश मारला. नाणं पांढरंशुभ्र झालं. चेहरा बोथट झाला, अक्षरांच्या जागी ठिपके उरले. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात अगदी तसाच चेहरा दिसला. ते क्षत्रप राजांचं नाणं होतं. कुठल्या राजाचं, हे सांगणारी अक्षरं मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

त्यानंतर मी नाणी जमवू लागलो. पुण्याच्या एका नाणे प्रदर्शनात परवानाधारक विक्रेत्याकडून रीतसर पावतीवर एक दिनारियस (रोमन चांदीचं नाणं) घेतला. सम्राट टायबेरियसचा, म्हणजे इ.स. 14 ते 37 या काळातला. माझ्या काट्यावर तो 3.6 ग्रॅम भरतो. भिंगाखाली धरला की सपाट भाग शाईसारखा काळा दिसतो, आणि गालाचं हाड, कानाची पाळी, डोक्यावरच्या पानांच्या मुकुटाच्या कडा राखाडी उजळ. हनुवटीखाली निळसर झाक आहे. मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री आहे, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. तिच्या वस्त्राच्या चुण्या मोजता येतात, त्या खाचांमध्ये काळेपणा राहिला म्हणूनच. तो काढला तर उरेल नुसती चकाकी, जी माझ्या दुकानातल्या नव्या शिक्क्यावरही आहे.

रोमचं नाणं म्हणजे आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तगर म्हणजे आपलं तेर. तिथे आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं मिळाली आहेत. नळगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला तर दीड हजारांवर दिनारियस सापडले. भारतात मिळालेले असले रुपेरी शिक्के बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे आहेत. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने दिनारियसचं वजन आणि कस दोन्ही उतरवले. आपल्या व्यापाऱ्यांनी कस पारखून जुनंच नाणं धरून ठेवलं असावं, असं मला सराफ म्हणून वाटतं.

आपल्याच राजांच्या नाण्यांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली क्षत्रप राजा नहपानाची 13,250 चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवल्याची साक्ष त्या चांदीवर उमटली आहे. तो साठा एखाद्या मुशीत गेला असता, तर ही साक्ष कायमची गेली असती.

आपल्याकडे अशा किती साक्षी गेल्या, ते सराफाला विचारा. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. इथे निजामाचा हाली रुपया चालायचा. चारमिनार छापाचा, 81.8 टक्के चांदीचा. चलन बंद झालं आणि ते रुपये मोडीत निघाले. माझ्या आजोबांनीही पुष्कळ आटवले. त्यांच्यासाठी ती फक्त चांदी होती, आणि पोटाची गरज मोठी होती. त्यांना मी दोष देत नाही. पण आज आपल्याला ती सबब नाही.

दुर्दैवाने कायदाही नाण्याकडे मुशीच्याच नजरेने पाहतो. 1878 च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते सरकारला स्वतःकडे घ्यायचं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढं देऊन घेता येतं. इतिहासाचा मोबदला एवढाच असेल, तर नांगराला हंडा लागलेला माणूस तहसील कचेरीकडे न जाता अंधार पडल्यावर सराफाचं दार वाजवतो, यात नवल काय? असं धन मी घेत नाही, कुणीच घेऊ नये. पण सरकारनेही तो एक पंचमांश बदलून, नाण्याचं ऐतिहासिक मोल धरून, ते सापडलेल्या माणसाला योग्य रक्कम आणि शाबासकी द्यावी. 

घरच्या नाण्यांसाठी सांगणं सोपं आहे. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट काही लावू नका. साध्या पाण्याने धुवा आणि सुती फडक्याने दाबून टिपा, घासू नका. रबरात गंधक असतं, म्हणून रबरबँड गुंडाळू नका. हिरवी भुकटी दिसली तर जाणकाराला दाखवा. विकत घेताना सावध राहा. काळ्या नाण्यांना मागणी आहे, म्हणून मुद्दाम गंधकाने काळी केलेलीही बाजारात येतात. ऑक्सिडाइज्ड दागिने आम्ही तसेच करतो. अशा बनावट नाण्यांचा काळेपणा खोलगट आणि उंच भागांवर सारखाच बसलेला दिसतो.

आणि मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पंढरीचा विठोबा सावळाच आहे, त्याला उजळून गोरं करावं असं कुणाच्या मनात येत नाही. तुमच्या आजीच्या गळ्यातला रुपया तसाच पूजेला ठेवा. फक्त खाली विड्याचं पान घाला आणि हळदकुंकू नाण्यावर न वाहता त्या पानावर वाहा.