एका रात्रीत कोणी लांडगा होत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मी चेन्नईला मामाकडे गेलो होतो. टी. नगरच्या पाँडी बाजारात एका दुकानात पावडरचे डबे रचले होते. एका डब्यावर गुरगुरणारा लांडगा होता. दुकानदार मोडक्या हिंदीत म्हणाला, "महिनाभर घ्या, ८ किलो वाढतील, सगळे मसल!" बुटांसाठी आईने दिलेले पैसे खिशात होते. हात तिकडे गेलाही. मामा म्हणाला, "आधी हिशेब कर."

२०२२ च्या 'भेडिया' सिनेमात नायकाला लांडगा चावतो आणि त्याचाच लांडगा होतो. समजा, ६० किलोचा माणूस रात्रीत १०० किलोचा झाला. वरचे ४० किलो आले कुठून? स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी आणि पाचवा हिस्सा प्रथिने असतात. म्हणजे ३० लिटर पाणी आणि ८ किलो प्रथिने. एका अंड्यात ६ ग्रॅम धरली, तर तेराशेहून जास्त अंडी, तीही पहाटेच्या आत!

डब्यावरचा लांडगाही याच हिशेबात अडकतो. व्यायामाचा ताण पडला की स्नायूंचे तंतू जाड होतात. ही दुरुस्ती पुढे एक-दोन दिवस चालते आणि तिला अन्न व झोप लागते. नवशिक्याचाही महिन्याला फार तर एखादा किलो स्नायू वाढतो. ८ किलो वाढले, तर बाकीचे पाणी किंवा चरबी; नाहीतर डब्यात लेबलावर न लिहिलेले काहीतरी मिसळलेले असणार.

भीती त्या 'काहीतरी'ची आहे. ते स्टेरॉइड असेल, तर आपल्या वयात हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. दंड फुगतील, पण उंची तिथेच राहील. खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला, तर "मला माहीत नव्हते" म्हणून सुटका होत नाही.

सगळ्याच पावडरी वाईट नसतात. व्हे प्रोटीन म्हणजे दुधातलेच प्रथिन. पण मेसमधले दूध, अंडी, उसळ ताटात टाकून डब्यामागे धावणे मला पटत नाही. काही घ्यायचेच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

मी बूटच घेतले. तीन महिन्यांत माझे पुल-अप ६ वरून ८ झाले. लांडगा झालो नाही, पण ते दोन माझे आहेत.