४२.१० मोठं की ४२.६?

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही कॉलेज ग्रुपवर हा मेसेज पडतोच : ‘राजाराम बंधारा ४२.६’. थोड्या वेळानं दुसरा : ‘४२.१०’. गणिताच्या पेपरात ४२.१० म्हणजे ४२.१; म्हणजे पाणी उतरलं की! पण पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत मोजतात. पाणी ४२ फूट ६ इंचांवरून ४२ फूट १० इंचांवर गेलंय आणि ४३ फुटांची धोका पातळी फक्त दोन इंच लांब आहे. एका टिंबानं चढणारी नदी उतरती दिसली. फॉरवर्ड करताना ‘फूट’ आणि ‘इंच’ लिहायला कितीसा वेळ लागतो?

इशारा पातळी ३९ फूट. तिथून धोक्यापर्यंत चार फूट, म्हणजे ४८ इंच. पाणी तासाला दोन इंच चढत असेल तर हातात २४ तास, चार इंच चढत असेल तर १२. म्हणून नुसती आताची पातळी विचारू नका, तीन तासांपूर्वी किती होती तेही विचारा. आंबेवाडी-चिखलीत जनावरं कधी हलवायची, हे या साध्या वजाबाकीवर ठरू शकतं. अर्थात हा अंदाजच. पाणी पात्राबाहेर पसरलं की चढ मंदावतो, धरणक्षेत्रात पाऊस कोसळला की वाढतो.

आता दरवाजे. ‘राधानगरीचा पाचवा दरवाजा उघडला’ असं वाचलं की पोटात गोळा येतो. हे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गुणाकार तोंडीच करा : सेकंदाला ४० हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला!

हे ऐकून घाबरला असाल तर दुसऱ्या बाजूनं बघा. सात दरवाजे म्हणजे जवळपास १० हजार क्युसेक. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे सगळे दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी एक टीएमसीसुद्धा जात नाही, आणि धरण आहे आठ टीएमसीच्या वरचं. शिवाय कुंभी, कासारी, तुळशीचं पाणी वेगळं येतं. नुसते दरवाजे मोजून पूर कळत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘शंभर वर्षांतून एकदा’. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. एकदा येऊन गेला, आता निवांत, असं म्हणणाऱ्याला ही दोन सालं ऐकवा. शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. काल आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. नकाशावरची लाल रेषा या पुराची, निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, म्हणजे वर्षाला चार टक्के.

चार टक्के किरकोळ वाटतात? घराचं कर्ज २० वर्षांचं धरा. एका वर्षी वाचण्याची शक्यता ९६ टक्के. ०.९६ ला २० वेळा गुणा (इथे मोबाईल काढा, हे तोंडी नको), ०.४४ येतं. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के, आणि ती ऐन निळ्या रेषेवरच्या घराची. नदीकडे सरकाल तशी ती वाढत जाते. लाल रेषेवर हाच आकडा १८. घरचे फ्लॅट बघायला निघाले तर सोबत जा आणि पार्किंग, लिफ्टच्या आधी विचारा : ही बिल्डिंग निळ्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे?