नाती तोडणारी भक्ती

ख्रिस्ती माणसाने अख्रिस्ती आप्तांच्या घरचे अन्न वर्ज्य मानावे, काकांच्या तेरवीला जाऊ नये, शेजाऱ्याच्या पोळ्याच्या पंगतीत बसू नये, अशी शिकवण काही प्रार्थनासभांतून भाविकांच्या गळी उतरविली जात आहे. तिला निष्ठेचे नाव दिले जाते. आमच्या मते ती निष्ठा नव्हे. ते जुन्याच सोवळ्याचे नवे रूप होय.

आमच्या भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर एकाच गावाच्या कुशीत नांदतात. कोळसाखाणीत आणि आयुध निर्माणीत नाना धर्मांची माणसे एकाच पाळीवर राबतात. खाणीत उतरलेल्याचा जीव सोबत्याच्या सावधपणावर अवलंबून असतो. दुपारी ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्याच्याच घरचे अन्न संध्याकाळी अपवित्र कसे ठरते?

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय या मंडळींनी उघडून पाहावा. अख्रिस्ती माणसाने जेवावयास बोलाविले आणि जावेसे वाटले, तर पुढे येईल ते चौकशी न करता खावे, असे तो सांगतो. मात्र हे अन्न मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये, असेही तो बजावतो. पंगत मोकळी; उपासना मात्र एकाच परमेश्वराची. म्हणूनच तेरवीच्या घरी जाऊन शोकात सहभागी होणे हे प्रेमाचे कृत्य आहे, तर तेथील पूजाविधी स्वतः करणे ही वेगळी गोष्ट आहे. हा भेद नम्रपणे सांगता येतो. त्यासाठी घराकडे पाठ फिरवावी लागत नाही.

मजपेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, असे प्रभूनेच म्हटले ना, असा प्रश्न येथे हमखास येतो. होय, म्हटले आहे. पण धर्मार्पणाचे निमित्त सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांची कठोर कानउघाडणीही त्यानेच केली. मार्काचा सातवा अध्याय त्याला साक्षी आहे. परमेश्वराला पहिले स्थान देणे म्हणजे माणसांचे स्थान काढून घेणे नव्हे. अख्रिस्ती जोडीदार सोबत राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असेही पौल याच पत्रात सांगतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्या ताटातुटीची वेदना 'स्मृतिचित्रे'त नोंदलेली आहे. पुढे त्या हिंदू असतानाच दोघांचा संसार पुन्हा जुळला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या खात्रीने ख्रिस्ताला स्वीकारले. दार उघडे राहिले, म्हणून हे घडू शकले.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच जाहीर केले. त्याविरुद्ध शिकविण्याचा अधिकार कोणत्याही प्रार्थनासभेला नाही. धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच : रविवारची मिस्सा चुकवू नका, मुलांना श्रद्धा समजावून द्या, आणि गावाकडच्या भावाचा निरोप आला की जा. ज्याच्या उंबऱ्यावर आपण पाऊल ठेवीत नाही, त्याला आपल्या प्रभूची ओळख कोण करून देणार?