बटणाचा ठेका

परवा एका धर्मग्रामात, कम्युनियननंतरच्या शांततेत, एका मुलाने कीबोर्डचा ठेका बंद केला व मनात आलेले काही वाजवले. त्याला वाद्यावरून उठवण्यात आले. कारण? पाश्चात्त्य वाद्यावरचा स्वैराचार! आम्ही नम्रपणे विचारतो, बटण दाबताच सुरू होणारा कारखान्यातला ठेका मग कोणत्या परंपरेचा?

ऑलिव्हिए मेसियाँ हा निष्ठावंत कॅथलिक संगीतकार १९३१ पासून साठ वर्षे पॅरिसच्या ट्रिनिटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत होता. मिस्सातील त्याचे उत्स्फूर्त वादन ऐकण्यासाठी लोक मुद्दाम येत. रानोमाळ हिंडून त्याने पाखरांचे सूर टिपले आणि १९५६ ते १९५८ या काळात त्यांतून पियानोसाठी तेरा रचना सिद्ध केल्या. लयीचे अनेक आकार त्याने घेतले ते ‘संगीतरत्नाकरा’तील १२० देशी तालांतून. तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस लिहिला गेला. आणि आमचे सिन्नर म्हणजे त्याच यादवांची आधीची राजधानी!

पियानोतून मींड निघत नाही, हा आक्षेप खरा. ती पेटीतूनही निघत नाही. पेटीचे पेटंटही १८४२ साली पॅरिसचेच; तरी भजनात ती आपली झालीच ना? देशोदेशींच्या संगीतपरंपरांना उपासनेत मानाचे स्थान द्यावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पाखरांचे थवे उतरतात. गायकवृंदातील मुलांना तेथे एक सकाळ न्यावे, आणि त्यानंतरच्या एखाद्या रविवारी त्या उठवलेल्या मुलाला पुन्हा वाद्यापाशी बसवावे.