कॅपची किंमत नंतर, आधी विचारा: दात किती उरलाय?

सुट्टीत भारतात गेलं की दातांची कामं उरकायची, ही आपल्यापैकी अनेकांची सवय. तीन आठवड्यांत रूट कॅनाल होतं, ठणका थांबतो आणि कॅप ‘पुढच्या खेपेला’ राहते. मग एखाद्या दिवशी चकली चावताना दाढ उभी चिरते. आपण म्हणतो, “नस काढली, दात मेला, ठिसूळ झाला.”

मला वाटतं, इथे आपण भलत्यालाच दोष देतो. सेजली आणि मेसर यांनी १९९२ साली रूट कॅनाल केलेला दात आणि त्याच तोंडातला दुसऱ्या बाजूचा जिवंत जोडीदार, अशा २३ जोड्या तपासल्या. ठिसूळपणात म्हणावा असा फरक सापडला नाही.

मग दात तुटतो कशाने? जे गेलं त्याने. रीह, मेसर आणि डग्लस यांनी १९८९ मध्ये काढलेल्या उपदाढांवर प्रयोग केले. रूट कॅनालसाठी वरून पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला. पण पुढची आणि मागची कड कोरून मोठा खड्डा केला, तेव्हा तब्बल ६३ टक्के. आधार गेलेल्या भिंती चावताना बाहेर फाकतात. कॅप त्यांना बांधून ठेवते. म्हणून कडा गेलेल्या दाढेची कॅप लांबवू नका.

पण कॅपलाही धरायला काहीतरी हवं. हिरडीच्या वर दीड-दोन मिलिमीटर शाबूत दात सभोवार उरला असेल, तर कॅप त्याला लाकडी मुठीवरच्या धातूच्या कड्यासारखी आवळते. हे ‘फेरूल’. ते नसेल तर महागडी झिरकोनियासुद्धा फार काही करू शकत नाही. मुळात घातलेला पोस्ट दात मजबूत करत नाही, तो फक्त वरचं भरण धरून ठेवतो. त्यासाठी मूळ जास्त कोरलं, तर ते उलट कमकुवत होतं.

उलट, समोरचा दात बराचसा शाबूत असेल तर अनेकदा साधं भरणही पुरतं. तिथे कॅपसाठी चांगला दात घासणं म्हणजे तोटाच.

तेव्हा डॉक्टर भारतातले असोत वा इथले, खुर्चीत बसल्यावर तीन प्रश्न जरूर विचारा. शाबूत भाग किती उरेल? फेरूल मिळेल का? आणि कॅप माझ्या परतीच्या विमानाआधी बसेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर इथे पोचताच कॅपसाठी वेळ घ्या. पुढच्या सुट्टीपर्यंत ती दाढ थांबेलच, असं नाही.